एक वीट जास्तीची

माझ्या ऑफिसात खुर्चीच्या मागे एका घराचा मोठा फोटो लावलेला आहे. त्या फोटोत एक वीट जास्त आहे. येणाऱ्या कुणालाच ते दिसत नाही. लोक फोटो बघून मान डोलावतात, "पुरस्कारवालं घर ते हेच का?" असं विचारतात, मी हो म्हणतो आणि विषय बदलतो. दर दिवाळीच्या साफसफाईत तो काढून टाकावा असं मनात येतं. पण त्याच्यामागे भिंतीचा रंग वेगळा राहिलाय, तो चौकोन आणखी खटकेल म्हणून राहू देतो.

१९९९ साली मी नागपूरहून आर्किटेक्ट होऊन गोंदियाला परतलो, तेव्हा गावाला आर्किटेक्ट हवा होता अशातला भाग नव्हता. गावाला नक्शा हवा होता. "नक्शा पास करवा दीजिए, बाकी हमारा ठेकेदार देख लेगा," हे वाक्य मी पहिल्या वर्षात इतक्यांदा ऐकलं की समोरच्यानं खुर्ची ओढली की मीच ते मनात म्हणून टाकायचो. सगळे मला इंजिनियर साहेब म्हणत. मी इंजिनियर नाही, हे सांगायचं मी दुसऱ्या वर्षी सोडून दिलं. सगळ्यांना एकाच तऱ्हेचं घर हवं असे. वर स्लॅब, पुढे दोन जाडजूड खांब, आणि मे महिन्यात आत बसवणार नाही अशा खोल्या. मला विटांची, गिलावा न केलेली, कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपराची घरं बांधायची होती, आणि त्यांना पुढे रुंद छपरी हवी होती. छपरी म्हणजे आमच्याकडची ओसरी. लोकांचं म्हणणं, गिलावा नाही म्हणजे घर अर्धवट राहिलं. गवंडी तर तोंडावर हसत.

न हसलेला एकच गवंडी मला भेटला. अर्जुनी मोरगावच्या रस्त्यावर एका धानाच्या गोदामाची भिंत मी एसटीच्या खिडकीतून पाहिली आणि पुढच्या थांब्यावर उतरून उन्हात चालत मागे आलो. इतकी सरळ भिंत मी तोवर आमच्या जिल्ह्यात पाहिली नव्हती. विचारत विचारत ती बांधणाऱ्या मिस्त्रीच्या गावी पोचलो. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठा, किडकिडीत माणूस, तोंडात कडुनिंबाची काडी. ढिगातून दोन विटा उचलून तो एकमेकींवर आपटत होता, आवाज खणखणीत येतो का ऐकत होता आणि निम्म्या बाजूला फेकत होता. मी नकाशा पसरला. त्यानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "गिलावा नाही न जी? मंग तं ईट निवडाच लागंन." मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

त्यानंतर सात वर्षं आम्ही सोबत काम केलं आणि सात वर्षं भांडलो. मी कागदावर खिडकी तीन फुटांवर दाखवली की तो ती दोन फुटांवर घ्यायचा. मी चिडून विचारलं की म्हणायचा, "तुमी कागदावर बसून पाह्यलं, मी इथी बसून पाह्यलं." एकदा मी हट्टानं त्याला बांधलेली खिडकी तोडायला लावली आणि माझ्या मापानं वर घेतली. दुसऱ्या दिवशी कुणी नसताना तिथं स्टूल टाकून बसलो. समोर नुसती भिंत. शेत दिसतच नव्हतं. मुकाट्यानं सांगितलं, खाली घ्या. त्यानं खाली घेतली. पण पुढचे आठ दिवस मी कुठंही टेकलो की तो सोबतच्या गड्यांना सांगायचा, "आवाज नोका करू रे, साहेब बसून पाहून राहिले."

अशा गोष्टींचा राग टिकत नाही. टिकायचा तो दुसरा. दरवर्षी मे महिना संपत आला की हा माणूस गायब. पंधरा दिवस, वीस दिवस. पाऊस तोंडावर, माझं काम अर्ध्यावर, मालक माझ्या डोक्यावर बसलेला, आणि मिस्त्रीचा पत्ता नाही. परत आल्यावर मी फाडफाड बोलायचो. तो काडी चावत ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "जुनी कामं होती जी." जुनी कामं म्हणजे कुणा दुसऱ्या ठेकेदाराची, असं मी धरून चाललो. दात-ओठ खाऊन गप्प बसायचो, कारण त्याच्यासारखी भिंत दुसरं कुणी उचलू शकत नव्हतं आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

आणि तिसरी गोष्ट विटेची. घर संपत आलं की तो कुठंतरी एक वीट बसवायचाच नाही. पहिल्या घरात मागच्या भिंतीला, गोठ्याच्या अंगाला. दुसऱ्यात न्हाणीघराच्या वर. सगळं घर पुरं, आणि एक विटेएवढी जागा उघडी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, हे काय राहिलं? "राहू द्या जी, आमच्या उस्तादाची रीत हाये," तो म्हणाला. मी समजलो, नजरबिजर लागू नये म्हणून असेल, दारावर टांगलेल्या काळ्या बाहुलीच्या जातीचं काहीतरी. शिकलेल्या माणसानं त्यात काय खोदून विचारायचं. पाच घरांत ती जागा मागं कुठंतरी होती, कुणाला दिसत नव्हती, म्हणून मीही दुर्लक्ष केलं.

सहावं घर एका पोवार शेतकऱ्याचं होतं. मिस्त्रीच्या गावापासून दोन गावं पलीकडे, तलावाच्या पाळीखाली, सभोवार धानाची बांधी, नुसती भातखाचरं. घरात नवरा-बायको आणि नवऱ्याचे म्हातारे वडील. मालक मोकळा माणूस, म्हणाला, भाऊ, तुम्हाला जसं वाटते तसं बांधा, फक्त बाबांना दिवसभर छपरीत बसता आलं पाहिजे. असं सांगणारा मालक जन्मात एकदा भेटतो. दीड वर्ष आम्ही ते घर बांधलं. नकाशातल्या चुका मिस्त्रीनं सुधारल्या, मिस्त्रीच्या काही मी सुधारल्या, आणि छपरीतली दाराशेजारची भिंत अशी उभी राहिली की तिच्यावरून हात फिरवत मी उगाच उभा राहायचो. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम. आजही तसंच वाटतं.

आणि त्याच भिंतीत, दारापासून दोन हातांवर, छातीच्या उंचीला, मिस्त्रीनं वीट सोडली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणालो, मिस्त्री, मागं ठेवा ना, दरवेळी मागं ठेवता. तो म्हणाला, "ह्या घरात सारे इथीच बसतेत. मंग इथीच राहीन." मी म्हणालो, बत्तिशीतला दात पडल्यासारखं दिसतंय. तो हसला. ठेवली ती ठेवलीच. महिन्याभरात म्हाताऱ्या बाबांनी तिथं आपली चुन्याची डबी ठेवायला सुरुवात केली. बसल्या जागेवरून हात वर केला की बरोबर हाताला यायची. मला ते पाहूनही चीड यायची.

दोन वर्षांनी घरांच्या आराखड्यांसाठी एक मोठा पुरस्कार असतो असं माझ्या कॉलेजच्या मित्रानं कळवलं, आणि मी अर्ज करायचं ठरवलं. फोटो चांगले हवेत म्हणून नागपूरहून फोटोग्राफर बोलावला. तो येण्याच्या आदल्या दिवशी मी एकटाच छपरीसमोर उभा राहून भिंतीकडे पाहत होतो. परीक्षक मुंबई-पुण्याचे असणार. त्यांना हे भोक दिसणार आणि ते म्हणणार, गोंदियाकडचं काम, असंच असायचं. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. सडक अर्जुनीला माझं दुसरं एक काम चालू होतं. तिथल्या गवंड्याला मोटारसायकलवर मागं बसवून आणलं. मिस्त्रीनं निवडून उरलेल्या विटांचा ढीग परसात होता, त्यातली एक घेतली. अर्ध्या तासात जागा बुजली.

मालकीणबाईंनी चुन्याची डबी उचलून खिडकीत ठेवली आणि म्हणाल्या, "मिस्त्री काय म्हणन, भाऊ?"

"फोटो झाले की काढून टाकू," मी म्हणालो.

काढली नाही. खोटं कशाला बोलू, ती बसवल्यावर भिंत फार देखणी दिसत होती. एवढंच कारण.

पुरस्कार मिळाला. मुंबईला जाऊन घेऊन आलो. परीक्षकांच्या टिपणात विटकामाचं कौतुक होतं, एवढी निर्दोष भिंत हल्ली पाहायला मिळत नाही, असं. मी व्यासपीठावरून मिस्त्रीचं नाव घेतलं, दोनदा घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आर्किटेक्ट लोक मिस्त्रीचं नाव घेत नाहीत, मी घेतलं, याचा मला भलताच अभिमान वाटला. परतीच्या रेल्वेत मी स्वतःवर खूश होतो.

मग गोंदियात सत्कार ठरला. मी आयोजकांना अट घातली की शाल आधी मिस्त्रीला, मग मला. तो आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवी चप्पल, काडी नाही. सूत्रसंचालक हिंदीतून काय काय विशेषणं लावत होता. मागं पडद्यावर घराचा फोटो लावला, माणूसभर उंचीचा. मिस्त्री शाल-नारळ घेऊन वळला आणि फोटोकडे बघत थांबला. मला वाटलं, भारावला. तो पडद्याजवळ गेला आणि अगदी जवळून पाहू लागला. मग माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. समोर फोटो काढणं चालू होतं.

"साहेब, दारापासची ईट कोनं बसवली?"

मी हसऱ्या तोंडानंच सांगितलं, "फोटोसाठी हो. एकच तर वीट."

"हव. एकच होती," तो म्हणाला.

खाली उतरून तो सगळ्यांसोबत जेवला, नारळ पिशवीत घातला आणि दुपारच्या बसनं गेला. माझ्याशी नीट बोलून गेला. रागावला असता तर मला कळलं तरी असतं.

त्यानंतर तो माझ्या कामावर आला नाही. निरोप पाठवला की उत्तर यायचं, काम हाये. गावी गेलो की चहा मिळायचा, पावसापाण्याच्या गोष्टी व्हायच्या, आणि कामाचं विचारलं की "पाहू जी." पहिले सहा महिने मला वाईट वाटलं, मग संताप आला. मनात म्हटलं, ज्याला मी गोदामाच्या भिंतीमागून काढून व्यासपीठावर नेलं, त्याला एका विटेचा एवढा ताठा? दुसरे गवंडी काय मेलेत?

मेले नव्हते. एकाहून एक होते. एकानं माझ्या उघड्या विटांच्या भिंतीवर, साहेबांना आश्चर्याचा धक्का म्हणून, रविवारी गिलावा करून टाकला. एकाचा ओळंबा भिंतीला लागून लटकायचा आणि भिंत ओळंब्याच्या विरुद्ध जायची. एकाला मी विटा निवडायला सांगितलं तर त्यानं लाल लाल वेचून काढल्या, आवाज ऐकण्याची भानगडच नाही. मी सकाळ-संध्याकाळ साइटवर उभा राहून ओरडायचो. घसा बसायचा. घरं व्हायची, वाईट नव्हती, पण कुठल्याही भिंतीवरून हात फिरवावा असं वाटलं नाही. खिडक्या सगळ्या नकाशाबरहुकूम. आणखी दोनदा पुरस्कारासाठी अर्ज केले. काही आलं नाही. लोक मात्र मला पुरस्कारवाले इंजिनियर साहेब म्हणू लागले होते, आणि ते ऐकलं की अंगाचा तिळपापड व्हायचा.

अशी सहा-सात वर्षं गेली. मग एका जुलैत पोवारांच्या मालकीणबाईंचा फोन आला. छपरी गळतेय, आतली खोलीही गळतेय, धानाच्या पोत्यांवर पाणी आलं. मी म्हणालो, मिस्त्री तुमच्यापासून दोन गावांवर आहे, त्याला का नाही बोलावत? त्या म्हणाल्या, बोलावलं, दोनदा बोलावलं. मी गेलो. मालक शेतावर होता. बाबा छपरीत बसलेले, आता फारच थकले होते, चुन्याची डबी मांडीजवळ जमिनीवर. मी भिंतीशेजारी बसलो आणि मालकीणबाईंना विचारलं, मिस्त्री काय म्हणाला?

"म्हणे, बाई, घर पुरं झालं. पुऱ्या घरात मिस्त्रीचं काय काम?"

मी म्हणालो, हे काय बोलणं झालं?

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "काऊन, तुम्हाले मालूम नाही?"

मग त्यांनी सांगितलं, आणि मध्ये मध्ये बाबांनी. ती वीट सोडायची म्हणजे मिस्त्रीचं काम बाकी आहे. काम बाकी असलेलं घर मिस्त्री टाकत नाही. त्याला बोलवावं लागत नाही, निरोप धाडावा लागत नाही, पावसाळ्याआधी तो आपला आपण येतो, कवेलू फेरतो म्हणजे उतरवून पुन्हा रचतो, फुटके बदलतो, भिंतीला ओल धरली का बघतो, चहा पितो आणि जातो. तो जिवंत असेपर्यंत. त्याचे उस्ताद असंच करत, आणि उस्ताद गेल्यावर त्यांची घरंही हाच बघायचा. या घरातही दोन वर्षं तो मे महिन्यात आला होता. वीट बसली त्या वर्षापासून आला नाही.

जुनी कामं होती जी. मे महिन्यातले ते पंधरा-वीस दिवस. मी त्याला कामचुकार म्हणालो होतो, माणसांसमोर म्हणालो होतो, आणि तो मीच आखलेल्या घरांची छपरं फेरून आलेला असायचा. मला तिथं बसवेना आणि उठवेनाही. लाज वाटली आणि त्याच वेळी रागही आला, सगळ्यांचाच.

"मला सांगितलं का नाही कुणी?" मी म्हणालो.

"तुम्ही इंजिनियर आहा," बाबा म्हणाले. "आम्हाले वाटलं, तुम्हाले तं मालूमच राहीन. कायले सांगाचं?"

मी मालकीणबाईंकडून छन्नी-हातोडा मागून घेतला. कामाला माणूस बोलवावा हे सुचलंही नाही. जन्मभर दुसऱ्यांना वीट कशी काढावी ते शिकवत आलो, आणि स्वतः काढायला गेलो तर सिमेंट जुमानेना. जोरात मारला. जास्तीची वीट निघाली, तिच्यासोबत शेजारची फुटली आणि वरची सुटून खाली आली. दाराशेजारी हातभर खिंडार पडलं. बाबांनी ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मी हातोडा खाली ठेवला. मालकीणबाईंनी आत जाऊन मिस्त्रीला फोन लावला, वीट निघाल्याचं सांगितलं.

मिस्त्री तासाभरात सायकलवर आला. केस पांढरे झालेले, काडी तीच. त्यानं खिंडाराकडे पाहिलं, खाली पडलेले तुकडे पाहिले, माझे खरचटलेले हात पाहिले. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तो म्हणाला, "थोडं बाजूले सरा जी." परसातल्या ढिगातून दोन विटा आणल्या, आपटून ऐकल्या, एक परत टाकली, दुसरी आणली. सिमेंटचा मसाला कालवला. फुटलेलीच्या जागी एक आणि सुटलेलीच्या जागी एक, अशा दोन बसवल्या. मधली जागा बोटानं साफ केली आणि उघडी सोडली. नवा सांधा कुठला हे मला तिथं उभं राहूनही ओळखता येईना. मग पाऊस थांबलाय बघून तो शिडी लावून छपरावर चढला.

उतरल्यावर मी त्याला गाठलं. गोंदियाला लागून कुडव्याला मी माझं स्वतःचं घर बांधायला घेतलं होतं, पाया भरून झाला होता. ते घर त्यानं बांधावं, एवढंच मला हवं होतं. खरं तर इतकी वर्षं तेवढंच हवं होतं. मी म्हणालो, चुकलं माझं, मिस्त्री. मला माहीत नव्हतं. कुडव्याला चला. कुठं वाटेल तिथं वीट सोडा, समोर सोडा, दारात सोडा.

तो हात धूत होता. "मालूम नव्हतं, हे खरं हाये," तो म्हणाला. "पन तुमी विचारलं नाही न साहेब. ईटभर तं गोष्ट होती, सांगतली असती." मग गमछ्याला हात पुसत म्हणाला, "आता मले नवं काम होत नाही. जुनीच घरं आहेत, तेवढी फिरून होतेत. तुमच्यापाशी पुरं करनारे लोक आहेतच."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, भांडायची मला सवय होती. तो छपरीत बाबांजवळ जाऊन बसला, चुन्याची डबी उचलून त्या जागेत ठेवली, आणि आत तोंड करून म्हणाला, "बाई, साहेबाले चाय देजा. दूरचे आले."

मी आखलेल्या त्या घरात मी पाहुण्यासारखा काठावर बसून चहा प्यालो आणि निघालो.

कुडव्याचं माझं घर पुढच्या वर्षी झालं. चांगल्या ठेकेदारानं बांधलं, वेळेत बांधलं. वास्तूच्या दिवशी मी सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली. कुठंच काही राहिलेलं नव्हतं.